कानशीआधीचे मोजमाप : टू-स्ट्रोक रेसिंग इंजिनाचे ट्यूनिंग

मंगळवेढ्याच्या शिवारात जानेवारीच्या पहाटे तापमान पंधरा अंशांच्या आसपास असते आणि एप्रिलच्या अखेरीस भर दुपारी ते चाळीस अंशांच्या पुढे जाते. वातावरणाचा दाब तोच धरला, तर या दोन वेळांच्या हवेच्या घनतेत सुमारे आठ टक्क्यांचा फरक पडतो. माणसाला हा फरक फक्त गारठा किंवा उकाडा म्हणून जाणवतो, परंतु ज्या यंत्राला दर मिनिटाला नऊ हजार वेळा ताजी हवा आत घ्यावी लागते आणि प्रत्येक वेळी तिच्यात पेट्रोलचा नेमका वाटा मिसळावा लागतो, त्या यंत्राच्या बाबतीत एवढ्या फरकानेही पिस्टन सिलिंडरात जाम होऊ शकतो. टू-स्ट्रोक रेसिंग इंजिन हे असे यंत्र आहे. त्याची ताकद वाढवण्याच्या कामाला ट्यूनिंग म्हणतात, आणि हे काम म्हणजे कानस घेऊन सिलिंडरातील भोके मोठी करणे असा जो समज गावोगावच्या गॅरेजांत दिसतो, तो अर्धवट आणि इंजिनाच्या जिवावर उठणारा आहे. ट्यूनिंगचा मोठा भाग मोजण्याचा आहे. कानशीचा भाग थोडा असतो आणि तो शेवटी येतो.

पिस्टन सिलिंडरात तळापासून माथ्यापर्यंत किंवा माथ्यापासून तळापर्यंत एकदा गेला की त्याला एक धाव, म्हणजे स्ट्रोक, म्हणतात. चार-धावी इंजिनात हवा घेणे, दाबणे, पेटवणे आणि धूर बाहेर टाकणे या चार कामांना चार स्वतंत्र धावा मिळतात, त्यामुळे क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच ठिणगी कामी येते. टू-स्ट्रोकमध्ये हीच सारी कामे दोन धावांत उरकली जातात आणि क्रँकच्या प्रत्येक फेरीला इंधन पेटते. त्यासाठी या इंजिनात झडपांचा पसारा ठेवलेला नसतो. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या ठेवलेल्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात, आणि वरखाली सरकणारा पिस्टनच त्या खिडक्यांचे दार होतो. पिस्टन खाली येताना आधी धूर जाण्याची खिडकी उघडते, तिला एक्झॉस्ट पोर्ट म्हणतात, आणि थोड्या अंतराने ताज्या मिश्रणाच्या खिडक्या उघडतात, त्यांना ट्रान्सफर पोर्ट म्हणतात. ताजे मिश्रण आधी पिस्टनच्या खालच्या क्रँककेसमध्ये ओढले जाते आणि पिस्टन उतरताना तिथूनच दाबाने वर ढकलले जाते. क्रँककेसलाच पंप करण्याची ही कल्पना इंग्लंडमधील जोसेफ डे यांनी १८९१ च्या सुमारास मांडली आणि टू-स्ट्रोकची मूळ रचना आजही तीच आहे.

या रचनेत एक उपजत अडचण आहे. धूर जाण्याची खिडकी आणि मिश्रण येण्याच्या खिडक्या बराच वेळ एकाच वेळी उघड्या असतात, म्हणून आत आलेल्या मिश्रणाने जुना धूर हुसकावायचा आणि स्वतः मात्र त्याच दाराने निसटायचे नाही, अशी दुहेरी अपेक्षा त्याच्याकडून केली जाते. या क्रियेला शास्त्रीय परिभाषेत संमार्जन म्हणतात. पंढरपूर-मंगळवेढा परिसरातील वाचकाला सडासंमार्जन हा शब्द घरचाच आहे, आणि इंजिनातील अर्थही तोच आहे: अंगण झाडून स्वच्छ करणे. जर्मनीतील अडॉल्फ श्नुर्ले यांनी १९२० च्या दशकात ट्रान्सफर पोर्टची तोंडे एक्झॉस्टकडे पाठ करून मागच्या भिंतीच्या दिशेने वळवली, त्यामुळे मिश्रणाचे झोत मागच्या भिंतीशी एकत्र येऊन वर चढतात, माथ्यापाशी वळतात आणि वळसा घालून धुराला दाराकडे रेटतात. ट्यूनर जेव्हा ट्रान्सफर पोर्टच्या आतल्या भिंती घासतो, तेव्हा तो नकळत या झोतांची दिशा बदलत असतो. डावा आणि उजवा झोत समान राहिला नाही, तर झाडणी एका अंगाची होते आणि पोर्ट मोठे होऊनही ताकद घटते. म्हणून जाणकार ट्यूनर ट्रान्सफरची खिडकी मोठी करण्याआधी दोन्ही बाजूंच्या खिडक्या एकाच उंचीला उघडतात की नाही हे पाहतो, कारण कारखान्यातील ओतकामात त्यांच्यात अर्ध्या मिलिमीटरचा फरकही राहून गेलेला असू शकतो. हा फरक मिटवणे हेच अनेकदा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निर्धोक ट्यूनिंग ठरते.

महाराष्ट्रात या इंजिनाची ओळख रेसिंगमुळे झालेली नाही, ती रोजच्या वापरातून झाली. पुण्याजवळच्या आकुर्डीतील बजाज ऑटोची चेतक आणि अहमदनगरच्या कायनेटिक इंजिनीअरिंगची लुना ही दोन्ही वाहने १९७२ मध्ये आली आणि तालुक्याच्या गावांतील मेकॅनिकांची एक अख्खी पिढी त्यांच्यावरच शिकली. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने राजदूत ३५० या नावाने यामाहाची आरडी ३५० आणली, १९८५ मध्ये ९८ घनसेंटिमीटरची आरएक्स १०० आली आणि १९८६ मध्ये कावासाकीच्या तंत्रज्ञानावरची बजाजची केबी १०० रस्त्यावर आली. हवा आत घेण्याच्या बाबतीत या गाड्या एकमेकींहून वेगळ्या होत्या, आणि हा वेगळेपणा ट्यूनरसाठी मोलाचा आहे. आरएक्स आणि आरडीमध्ये पातळ पत्र्याच्या पाकळ्यांची एकदिशा झडप असते, तिला रीड व्हॉल्व्ह म्हणतात; क्रँककेसमध्ये पोकळी निर्माण झाली की पाकळ्या आपोआप उघडतात आणि दाब उलटला की मिटतात. केबी १०० मध्ये क्रँकच्या टोकाला फिरणारी कापलेली चकती हे काम करते, तर चेतकमध्ये क्रँकच्या वजनी पाळीचाच कापलेला भाग दार म्हणून वापरलेला असतो. चकतीच्या इंजिनात आत घेण्याची वेळ चकतीचा काप वाढवून अंशाअंशाने ठरवता येते. पाकळीच्या इंजिनात ती वेळ इंजिन स्वतःच ठरवते, मात्र वेग फार वाढला की पाकळ्या फडफडू लागतात आणि वेळेवर मिटत नाहीत, म्हणून रेसिंगसाठी पोलादी पाकळ्यांच्या जागी हलक्या आणि ताठ तंतूमिश्रित पाकळ्या बसवतात.

या सर्वांत आरएक्स १०० ला जे स्थान मिळाले ते दुसऱ्या कोणत्याही गाडीला मिळाले नाही, आणि त्याचे कारण तिच्या आकड्यांत सापडते. बोअर ५० मिलिमीटर आणि स्ट्रोकही ५० मिलिमीटर, म्हणजे सिलिंडरची रुंदी आणि पिस्टनचा प्रवास समान. वजन शंभर किलोच्या आसपास. आणि मिनिटाला ७,५०० फेऱ्यांना ११ अश्वशक्ती. लिटरच्या हिशेबात हे प्रमाण ११० अश्वशक्तीच्या वर जाते, आणि दूध घालण्यापासून लग्नाच्या वरातीपर्यंत सगळीकडे धावणाऱ्या गाडीसाठी ते मोठेच होते. तरीही इंजिनाचा आकार आणि त्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे राजदूत ३५० ने जास्त स्पष्टपणे दाखवले. तिचे तेच ३४७ घनसेंटिमीटरचे इंजिन भारतात आधी सुमारे साडेतीस आणि पुढे मायलेजच्या आग्रहापोटी सुमारे २७ अश्वशक्तीचे होऊन विकले गेले, आणि जपानी मूळ गाडीची ताकद या दोन्हींहून बरीच जास्त होती. कारखानाच जर गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे इंजिन आवळत असेल, तर ट्यूनर त्याच्या उलट दिशेने जाऊ शकतो. प्रश्न फक्त किती आणि कशाच्या मोबदल्यात हा असतो.

ताकद म्हणजे क्रँकवरचा पीळ गुणिले फेऱ्यांचा वेग. आरएक्सच्या इंजिनाने ७,५०० फेऱ्यांना जो पीळ दिला, तोच १०,००० फेऱ्यांना टिकवता आला, तर अकरा अश्वशक्तीचे साडेचौदाच्या पुढे जातात, आणि यासाठी आकार एका थेंबानेही वाढवावा लागत नाही. अडचण टिकवण्यात आहे. वेग वाढला की पोर्ट उघडे राहण्याचा प्रत्यक्ष काळ कमी होतो, म्हणून रेसिंगसाठी पोर्ट लवकर उघडावे लागते, म्हणजेच खिडकीची वरची कड उंचवावी लागते. ही उंची मिलिमीटरमध्ये मोजली जाते, परंतु तिचा परिणाम क्रँकच्या अंशांत कळतो. स्ट्रोक ५० मिलिमीटरचा असेल आणि खिडकी साधारण मधल्या भागात उघडत असेल, तर तिथे क्रँकचा एक अंश म्हणजे पिस्टनचा सुमारे ०.४४ मिलिमीटर प्रवास होतो. म्हणून कड एक मिलिमीटरने उंचवली की पोर्ट सव्वादोन अंश आधी उघडते आणि वर जाताना तितकेच उशिरा मिटते, म्हणजे एकूण उघडे राहण्याचा काळ सुमारे साडेचार अंशांनी वाढतो. कानशीचे दहा-बारा ओढे आणि साडेचार अंश यांचा हा संबंध ज्याला माहीत नाही, त्याच्या हातून तीन मिलिमीटर कधी निघून गेले हे कळत नाही, आणि घासलेले लोखंड परत जागेवर येत नाही.

अंश मोजण्यासाठी क्रँकच्या टोकाला अंशांकित चकती बसवतात, तिला डिग्री व्हील म्हणतात, आणि स्पार्क प्लगच्या भोकातून डायल गेज घालून पिस्टनचा सर्वोच्च बिंदू निश्चित करतात. ही साधने महाग नाहीत. शाळेच्या कंपासपेटीतील दोन कोनमापक जोडूनही कामचलाऊ चकती तयार होते. मंगळवेढ्यात आणि आसपासच्या तालुक्यांत ट्रॅक्टर आणि पाणी उपसण्याच्या इंजिनांमुळे बोअरिंगची आणि लेथची कामे करणारे कसबी हात आहेत, मिलिमीटरच्या शतांशाची भाषा त्यांना परकी नाही. तीच शिस्त मोटारसायकलच्या पोर्टला लावणे एवढेच बाकी असते.

खिडकीची रुंदी हा दुसरा प्रश्न आहे आणि त्यात पिस्टनच्या रिंगचा जीव अडकलेला असतो. रिंग ही ताणलेली कडी आहे. समोर भिंत नसली की ती खिडकीत बाहेर डोकावते आणि खिडकी संपताना कडेवर आपटते. एकसंध एक्झॉस्ट पोर्टची रुंदी रेसिंगसाठीही बोअरच्या सुमारे सत्तर टक्क्यांपलीकडे नेऊ नये, म्हणजे ५० मिलिमीटरच्या बोअरला ३५ मिलिमीटर, आणि ती मर्यादाही रिंग लवकर बदलण्याची तयारी असेल तरच गाठावी. खिडकीची वरची कड सरळ न ठेवता कमानीसारखी ठेवणे आणि घासून झाल्यावर तिच्या चारही कडा बारीक दगडाने मोडून गुळगुळीत करणे, ही कामे दिसायला क्षुल्लक असली तरी रिंग तुटून सिलिंडरावर ओरखडे पडण्याची बहुतेक उदाहरणे नेमक्या याच आळसातून घडतात.

पोर्ट लवकर उघडले की मिश्रण निसटण्याचा धोका वाढतो, आणि हा धोका थोपवण्याचे काम सिलिंडराबाहेरची पत्र्याची नळी करते. टू-स्ट्रोकच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी युक्ती आहे. एक्झॉस्ट पोर्ट उघडताच दाबाची एक लहर नळीतून धावत सुटते. नळी जिथे रुंदावत जाते, तिथून ओढीची लहर मागे फिरते आणि सिलिंडरातील धूर शोषून घेते, इतकेच नव्हे तर तिच्या ओढीने ताजे मिश्रणही नळीच्या तोंडाशी येते. त्यानंतर नळी जिथे पुन्हा निमुळती होते, तिथून दाबाची लहर मागे फिरते आणि निसटू पाहणाऱ्या त्या मिश्रणाला पोर्ट मिटण्याच्या क्षणाआधी सिलिंडरात परत ढकलते. अशा फुगीर नळीला एक्स्पान्शन चेंबर म्हणतात. पूर्व जर्मनीतील त्शोपाऊ येथील एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन यांनी या लहरींचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १९६१ मध्ये त्यांच्या १२५ घनसेंटिमीटरच्या इंजिनाने २५ अश्वशक्ती दिली, म्हणजे लिटरमागे दोनशे. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधील शर्यतीनंतर पूर्व जर्मनी सोडून गेला आणि हे ज्ञान सोबत घेऊन जपानच्या सुझुकीकडे पोहोचला. १९६२ चे ५० घनसेंटिमीटर गटाचे जगज्जेतेपद सुझुकीने डेग्नरकरवीच मिळवले. काडेन यांनी तुटपुंज्या साधनांवर उभे केलेले शास्त्र असे एका स्वाराबरोबर सीमेपार गेले, आणि त्यांच्या वाट्याला हयातीत त्याचे योग्य श्रेय फारसे आले नाही, ही गोष्ट खेदाची आहे.

नळीची लांबी किती असावी, याचे गणित एखाद्या दहावीच्या विद्यार्थ्यालाही करता येईल इतके सरळ आहे. इंजिन मिनिटाला ९,००० फेऱ्यांवर ताकद देणारे हवे असेल आणि एक्झॉस्ट पोर्ट १८० अंश उघडे राहत असेल, तर ते प्रत्येक फेरीत सेकंदाच्या सुमारे तीनशेव्या भागाइतका वेळ उघडे असते. तप्त धुरातून लहर सेकंदाला साधारण पाचशे ते सव्वापाचशे मीटर वेगाने जाते, म्हणून एवढ्या वेळात ती सुमारे १.७ मीटर अंतर कापते. जाणे-येणे मिळून हे अंतर असल्याने पिस्टनच्या तोंडापासून नळी पुन्हा निमुळती होते त्या परतीच्या शंकूपर्यंतची लांबी ८६ सेंटिमीटरच्या आसपास येते. हेच इंजिन ७,५०० फेऱ्यांसाठी बांधायचे असेल, तर लांबी एक मीटरच्या थोडी पुढे जाते. म्हणजे पोर्ट न घासता केवळ नळी १७ सेंटिमीटरने आखूड केली, तरी इंजिनाची ताकद दीड हजार फेऱ्यांनी वर सरकते. यातून एक गोष्ट उघड होते: पोर्टची उंची आणि नळीची लांबी ही एकाच हिशेबाची दोन अंगे आहेत, आणि एक बदलून दुसरी तशीच ठेवणाऱ्याला दोन्हींचा लाभ मिळत नाही.

गावातील बोलीत ज्याला पुंगळी काढणे म्हणतात, तो प्रकार या हिशेबाच्या अगदी विरुद्ध आहे. सायलेन्सरच्या आतील भाग काढून नळीचे तोंड मोकळे केले, की दाबाची परतीची लहर दुबळी होते किंवा नाहीशी होते, ताजे मिश्रण धुराबरोबर बाहेर पडते, पेट्रोलचा खप वाढतो आणि वरच्या फेऱ्यांची ताकद कमी होते. आवाज मात्र वाढतो, आणि कान फसतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार रस्त्यावरच्या गाडीच्या मूळ रचनेत असे फेरफार करता येत नाहीत, म्हणून या प्रकरणात सांगितलेली कामे बंदिस्त मार्गावरच्या शर्यतीच्या गाडीलाच लागू आहेत. तशा शर्यती देशात होतात. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथे ट्रॅक आहे, आणि लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेल्या चारशे मीटरच्या सरळ शर्यतींत टू-स्ट्रोक गाड्यांना स्वतंत्र गट मिळत आले.

सिलिंडरच्या माथ्यावरचे झाकण, म्हणजे हेड, घासून दाब वाढवणे हे आणखी एक आवडते काम आहे आणि त्यात दाबापेक्षा अंतर महत्त्वाचे आहे. हेडच्या कडेचा सपाट पट्टा आणि माथ्याला आलेला पिस्टन यांच्यात उरणाऱ्या फटीला स्क्विश म्हणतात. पिस्टन जवळ येताच या फटीतील मिश्रण मध्यभागाकडे जोराने पिळून निघते, घुसळले जाते आणि ज्योत लवकर पसरते. शंभर घनसेंटिमीटरच्या इंजिनात ही फट एक मिलिमीटरच्या आसपास असावी, आणि ती मोजण्याचा उपाय सोपा आहे: प्लगच्या भोकातून मऊ सोल्डरची तार भिंतीपर्यंत घालावी, क्रँक हाताने फिरवावा आणि चपटी झालेली तार मायक्रोमीटरने मोजावी. फट दोन मिलिमीटर असेल, तर तिथे दडलेले मिश्रण ज्योत पोहोचण्याआधी स्वतःहून भडकते, त्याला डिटोनेशन म्हणतात, आणि काही मिनिटांत पिस्टनची कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसू लागते.

यानंतर पुन्हा हवेकडे वळावे लागते. कार्ब्युरेटरमधील जेट म्हणजे बारीक भोकाची पितळी पुंगळी, आणि तिच्यातून किती पेट्रोल यावे हे हवेच्या ओढीवर ठरते. हवा आठ टक्क्यांनी दाट झाली, तर कार्ब्युरेटर साधारण निम्मा फरक आपोआप भरून काढतो, कारण दाट हवेची ओढही जास्त असते. उरलेला सुमारे चार टक्क्यांचा फरक जेट बदलूनच भरावा लागतो. मंगळवेढा समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर असल्याने तिथला हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा पाच टक्क्यांच्या आसपास कमी असतो, म्हणून एप्रिलच्या दुपारी मंगळवेढ्यात नेमके जुळवलेले इंजिन तसेच्या तसे चेन्नईच्या ट्रॅकवर नेले, तर त्याला पेट्रोल कमी पडू लागते. यात आता इथेनॉलची भर पडली आहे. भीमाकाठचा सोलापूर जिल्हा उसाचा आणि साखर कारखान्यांचा, आणि उसापासूनचे इथेनॉल पेट्रोलमध्ये वीस टक्के मिसळण्याचे धोरण २०२३ पासून प्रत्यक्षात आले. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते आणि इथेनॉलला केवळ नऊ. म्हणून या मिश्र इंधनावर १९८५ च्या जेटने चालणारे इंजिन सुमारे आठ टक्के उपाशी राहते. उन्हाळ्यातली जुळणी, जानेवारीची पहाट आणि मिश्र इंधन एकत्र आले, की ही तूट बारा टक्क्यांवर जाते, आणि रस्त्याच्या गाडीने जे कदाचित सोसले असते ते रेसिंग इंजिन सोसत नाही. आठ टक्के इंधन वाढवायला एक मिलिमीटरच्या भोकाचा व्यास केवळ चार शतांश मिलिमीटरने वाढवावा लागतो. एवढ्याशा भोकावर पिस्टनचे आयुष्य अवलंबून असते.

कमी पेट्रोल म्हणजे कमी थंडावा, हे त्यामागचे कारण. ॲल्युमिनिअमचा पिस्टन उष्णतेने लोखंडी लायनरच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतो, आणि दोघांमधली मोकळीक मिलिमीटरच्या काही शतांशांचीच असते. ती संपली की पिस्टन सीज होतो, मागचे चाक अडकते आणि स्वार पडतो. पेट्रोलमध्ये मिसळायचे वंगण, म्हणजे टू-टी ऑइल, वाढवले की इंजिन सुरक्षित, हा समजही तपासून घ्यावा लागतो, कारण जेटमधून जाणाऱ्या द्रवात ऑइलचा वाटा वाढला की पेट्रोलचा वाटा तेवढाच घटतो आणि मिश्रण आणखी पातळ होते. ऑइल वाढवावे, पण जेटही पाहावा. इथेनॉल पाणी शोषून घेते, म्हणून महिनाभर टाकीत राहिलेले ऑइलमिश्रित इंधन शर्यतीला वापरू नये, आणि दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवावेत.

एअर फिल्टर काढून टाकण्याचा मोह या भागात तर मुळीच पत्करू नये. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये खळ्यावर येते, काळ्या मातीची आणि भुसाची धूळ त्या दिवसांत रस्त्यावर तरंगत असते, आणि टू-स्ट्रोकमध्ये आत घेतलेली सगळी हवा आधी क्रँककेसमधून जाते. चार-धावी इंजिनात धूळ सिलिंडर आणि रिंग झिजवते. इथे ती त्यांच्याही आधी क्रँकच्या आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांत जाऊन बसते. त्या बेअरिंगांवरचा भार आधीच वाढलेला असतो. फेऱ्या ७,५०० वरून १०,००० वर नेल्या की पिस्टन थांबवण्या-फिरवण्याचे झटके वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात, म्हणजे पावणेदोन पटींपेक्षा जास्त होतात.

गिअरबॉक्सचा विचार मात्र फार थोडे लोक करतात. पोर्ट आणि नळी जितकी टोकाची, तितका ताकदीचा पट्टा अरुंद; समजा तो ८,००० ते १०,००० फेऱ्यांचा राहिला, तर गिअर बदलताना फेऱ्या वीस टक्क्यांहून जास्त पडता कामा नयेत. आरएक्स १०० ला चारच गिअर आहेत आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमधले अंतर याहून बरेच मोठे आहे, म्हणून कागदावर पंधरा अश्वशक्ती देणारे इंजिन प्रत्यक्ष शर्यतीत दर गिअरला दम टाकते आणि बारा अश्वशक्तीचे, पण रुंद पट्ट्याचे इंजिन त्याच्या पुढे निघते. एक्झॉस्ट पोर्ट दीड मिलिमीटरपेक्षा जास्त न उंचवता, ट्रान्सफर समान करून, स्क्विश नेमकी ठेवून आणि नळी त्या हिशेबाने बांधून केलेली जुळणी चारशे मीटरच्या शर्यतीसाठी बहुतेक वेळा सर्वांत शहाणपणाची ठरते.

आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. पोर्ट मिटेपर्यंत ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळता धुराबरोबर बाहेर जातो, हा या इंजिनाचा जुना दोष प्रदूषणाच्या कडक होत गेलेल्या निकषांत बसणारा नव्हता, आणि जागतिक शर्यतींतूनही २०११ च्या मोसमानंतर १२५ घनसेंटिमीटरचा टू-स्ट्रोक गट बंद झाला. म्हणून आज ज्यांच्या हातात मूळ सिलिंडर आहे, त्यांच्याकडे एक विनंती करावीशी वाटते. हेड उतरवल्यावर सिलिंडरच्या आतल्या भिंतीला पातळ कागदाची गुंडाळी चिकटवावी, त्यावरून पेन्सिलचे शिसे आडवे घासावे आणि सर्व खिडक्यांचा ठसा कागदावर उमटवून घ्यावा. कागद सपाट करून त्यावर प्रत्येक खिडकीची उंची, रुंदी, उघडण्याचा अंश, स्क्विशची फट, जेटचा क्रमांक, त्या दिवसाचे तापमान आणि तारीख लिहावी, आणि तो कागद गाडीच्या कागदपत्रांबरोबर जपून ठेवावा. या कामाला अर्धा तास लागतो. कानस त्यानंतर हाती घ्यावी.